चार व्हिसा, चारही बॅट्समन

नसरीनला बहारीनच्या रिफा भागात भाड्याने व्हिला हवा आहे. मुलगा-सून येऊन राहणार, जुफैरचा फ्लॅट आता पुरायचा नाही. घासाघीस करायला मी बरी, म्हणून ती मला बरोबर नेते. गेल्या शुक्रवारी दलालाने लोकेशन पाठवलं. गाडी ती चालवत होती, रस्ता मी बघत होते. सखीरच्या रस्त्याला लागण्याआधी डावीकडे वळलो आणि नसरीनने गाडी थांबवली.

समोर पाइपलाइन होती. वाळूपासून कमरेएवढ्या उंचीवर, रांगेने जाणाऱ्या तेलाच्या जाड नळ्या. बहारीनमध्ये असल्या नळ्या जागोजाग दिसतात, त्यात नवल नाही. पण ही नळी त्या एका ठिकाणी जशी कोपरातून दुमडल्यासारखी वळते, ते वळण आम्ही झोपेतही ओळखू. ती आमची बाउंड्री होती. चेंडू नळीला लागला की ठण्ण असा आवाज यायचा, नळीच्या आतून दूरवर जात राहायचा, आणि अंपायरने हात हलवायच्या आधी मागे बसलेल्या बायकांना चौकार कळायचा.

मैदानावर आता व्हिला आहेत. सगळे बिस्किटाच्या रंगाचे. आम्हाला दाखवायचा होता तो साधारण मधोमध होता. आत नव्या रंगाचा आणि बंद नळांचा वास. दलाल आम्हाला मास्टर बेडरूम दाखवायला निघाला आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या.

"हे सिंक आहे ना, इथून अब्बा बॉलिंगला सुरुवात करायचे," नसरीन म्हणाली.

"काहीतरीच. सिंकपाशी मिडऑन. हमीदचाचांची चार पावलं तिकडे, फ्रिजच्या जागेवरून."

"फ्रिजच्या जागेवर तुझी आई बसायची!"

"आई बाउंड्रीच्या आत बसायची का?"

"बसायची. कुणाची हिंमत होती उठवायची?"

दलाल परत आला. त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं. "मॅडम, किचन में कुछ प्रॉब्लम?"

"किचन ठीक है," नसरीन म्हणाली. "मॅनेजर में प्रॉब्लम था."

हमीदचाचा म्हणजे नसरीनचे वडील. रत्नागिरीकडचे. माझे बाबा ज्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते, तिथेच ते स्टोअरकीपर. आठवडाभर नट-बोल्ट, व्हॉल्व्ह, पाइप जोडायचे एल्बो. शुक्रवारी डावखुरी फिरकी. शुक्रवारी पहाटे पाचला कंपनीची पिकअप मैदानावर यायची. मागे गुंडाळलेली काथ्याची मॅट, प्रेताला घ्यावी तशी सहा जणांनी खांद्यावर घ्यायची. दवाने ती भिजलेली असायची. तो ओल्या काथ्याचा वास, त्यात नळ्यांवरून येणारा तेलाचा उग्रट वास आणि टिनच्या दुधाचा वेलची घातलेला चहा, हे तिन्ही एकत्र आलं की शुक्रवार. मॅट ताणून चारी बाजूंनी लोखंडी खिळे ठोकायचे. त्या ठोक्यांनी जवळच्या पत्र्याच्या गोठ्यातला बकऱ्यांचा कळप उठून चालू लागायचा. बारा वाजायच्या आत सगळं आटपायला लागे, कारण जुम्म्याची नमाज. पंचवीस ओव्हर तू, पंचवीस ओव्हर मी, यल्ला, चला घरी.

चाची, म्हणजे नसरीनची आई, घावन आणि खिमा आणायच्या. आई तिखटमिठाच्या पुऱ्या. कुणीतरी बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोटी, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं आणि त्या खुबूसवर कालच्या बातम्यांची शाई उमटलेली असायची. आम्ही ती खायचो. काही झालं नाही.

झालं ते परबसाहेबांमुळे.

परबसाहेब कंपनीचे परचेस मॅनेजर, आणि टीमचे सर्वेसर्वा. कंपनीचा मालक अरब होता. त्याला सगळे अरबाब म्हणत. स्टोअरसाठी चार असिस्टंटचे व्हिसा मंजूर होते, आणि त्या चार जागांवर खेळाडू आणायचे ही रीत होती. आम्हीच शोधलेली नाही, तेव्हा कितीतरी कंपन्यांत तसंच चालायचं. कागदावर असिस्टंट, शुक्रवारी ओपनर. आता चार जागा हातात असल्या, तर शहाणा माणूस काय करेल? एक फास्ट बॉलर आणेल, एक विकेटकीपर, दोन बॅट्समन. बरोबर? परबसाहेबांनी चारही बॅट्समन आणले. दर वर्षी. एक जाई, त्याच्या जागी दुसरा येई, तोही बॅट्समनच. आणि आणायचे कसे, तर कुणीतरी पाठवलेलं कात्रण आणि बॅट उंचावलेला फोटो बघून.

"माणूस वांगी घेतानासुद्धा दाबून बघतो," आई म्हणायची. "हा फोटो बघून माणसं आणतो. फोटोवरून हल्ली मुलीसुद्धा पसंत करत नाहीत."

आई क्रिकेट शिकली ती रागातून. आधी नुसती मटार सोलत बसायची. मग "हे असं का करतात?" मग "हे असं करायला नको होतं." दुसऱ्या हंगामात ती मटार न सोलता नुसत्याच शेंगा मोडायला लागली. चारी बॅट्समन मिळून चाळीस धावा करायचे, मग हमीदचाचांनी एकट्याने समोरच्यांना रोखून धरायचं, आणि त्यांचे आठ ओव्हर संपले की आमच्याकडे बॉल टाकायला कोण? कंपनीचा ड्रायव्हर आणि माझे बाबा. बाबांची बॉलिंग म्हणजे वाढदिवसाला भेट दिल्यासारखी.

शेजारच्या खुर्चीतून चाची म्हणायच्या, "परबसाहेबांच्या घरात पण चार पातेली आणि झाकण एकपण नसणार, बघा."

परबसाहेब ऐकायचे. चष्मा पुसायचे. "वहिनी, बॅटिंग ही गुंतवणूक आहे," ते आईला म्हणायचे. "वेळ द्यावा लागतो."

"दिला की वेळ. तीन वर्षं दिला. ती सून असती तर एव्हाना पोळ्या गोल यायला लागल्या असत्या."

मी आणि नसरीन पाइपलाइनच्या सावलीत बसून हसायचो. सावली बोटभर. थंडीत वाळू सकाळी इतकी गार असायची की चप्पल काढवत नसे, आणि दहा वाजता इतकी तापायची की पाय ठेववत नसे. मधले दोन तास होते, आठ ते दहा, तेव्हा सगळंच बेताचं असायचं. हवा, ऊन, आमचा स्कोअरसुद्धा. त्या दोन तासांत हमीदचाचा बॉल टाकायचे. चार पावलं, हात वर, आणि बॉल हवेत जरा थांबल्यासारखा. बॅट्समन पुढे यायचा, बॉल यायचाच नाही. मग यायचा.

आम्ही दहावीत होतो त्या वर्षी बातमी आली की परबसाहेबांना आणखी एक बॅट्समन हवा आहे. पाचवा. चार जागा भरलेल्या, म्हणून स्टोअरकीपरची जागा मोकळी करायची. हमीदचाचांचा व्हिसा संपतोय, तो नवा करायचा नाही. हमीद नाही तरी आता चाळिशीला आला, असंही ते म्हणाले म्हणे.

नसरीनने हे मला शाळेच्या बसमध्ये सांगितलं. रडली वगैरे नाही. तिने दप्तरातून गणिताचं पुस्तक काढलं आणि म्हणाली, "हे तू ठेव. तिकडे दुसरं बोर्ड." महिन्याभरात त्यांचं घर उठणार होतं. चाचींनी कपाटावरच्या सुटकेसी खाली काढून उन्हात ठेवल्या होत्या.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईने हात पुसले.

"अर्ज करायचा," ती म्हणाली.

आमच्या आईचा अर्जावर विश्वास होता. देवावर होता तितकाच, किंबहुना थोडा जास्त, कारण अर्जाची पोच मिळते. डोंबिवलीत असताना तिने नळाच्या पाण्यासाठी अर्ज केला होता आणि पाणी आलं होतं. तेव्हापासून जगात कुठेही अन्याय झाला की वरच्या माणसाला तो ठाऊक नसतो, अर्ज केला की ठाऊक होतो आणि मग तो दूर करतो, अशी तिची समजूत पक्की झाली होती. बाबा म्हणाले, "मी तिथे नोकरी करतो, मला यात ओढू नका." आई म्हणाली, "सही कोण करतंय? खाली 'आपले हितचिंतक' लिहू."

ती मराठीत सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले. शाळेत पत्रलेखनाला मला पैकीच्या पैकी मिळायचे, ती सगळी अक्कल त्यात ओतली. हमीदचाचांसारखा बॉलर सबंध बेटावर नाही. मागच्या तीन हंगामांतल्या त्यांच्या विकेट्स इतक्या इतक्या. आणि साहेब, आपल्या स्टोअरच्या चार जागांवर आणलेले चार बॅट्समन काय करतात, तर अमक्याने इतक्या डावांत इतक्या धावा, तमक्याने इतक्या. चारही नावं, चारही सरासऱ्या. आपल्या पैशांचा हा अपव्यय थांबवावा, ही विनंती.

आता विचार केला की डोक्याला हात लावावासा वाटतो. अरबाबाला परबसाहेबांची निवड चुकली हे ठाऊक नव्हतं हे खरं. पण त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक नव्हती. स्टोअरच्या जागांवर खेळाडू आणतात, हेच. मुलं शुक्रवारी काहीतरी खेळतात, खेळोत, एवढंच त्याला माहीत. ही रीत आमच्या सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती लपवायची गोष्ट आहे हे आईच्या ध्यानात आलं नाही, माझ्या नाही, पत्र चोरून वाचलेल्या बाबांच्याही नाही. त्यांनी फक्त एक सरासरी दुरुस्त केली.

बुधवारी पत्र अरबाबाच्या ऑफिसात पोचलं. शुक्रवारी मॅच होती.

त्या चौघांत मिलिंद नावाचा एक होता, मिरजेचा. तेवीस-चोवीस वर्षांचा. दिवाळीला आमच्याकडे जेवायला होता, आणि लाजत लाजत अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. हंगामभर त्याने काही केलेलं नव्हतं. त्या शुक्रवारी तो ओपनिंगला गेला आणि पहिलाच बॉल नळीला. ठण्ण. मग पुन्हा. मग सलग तीन. बकऱ्या एव्हाना डांबरी रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. धुकं विरत होतं, आणि त्या धुक्यातून नळीचा आवाज दर दोन मिनिटांनी येत होता, कुणीतरी देवळात उभं राहून घंटा सोडतच नाहीये असा. चाची टाळ्या वाजवत होत्या. परबसाहेबांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि ते नुसत्या डोळ्यांनी बघत होते; त्यांना काय दिसत होतं देव जाणे.

पन्नास झाले तेव्हा आई उभी राहिली. टाळ्या वाजवल्या. मग तिचे हात थांबले आणि ती माझ्याकडे वळली.

"आता खेळतोय मेला," ती म्हणाली. "आता!"

शनिवारी अरबाब स्वतः स्टोअरमध्ये आला. त्याने पहिल्या असिस्टंटला दोन इंची एल्बो मागितला. त्याने तीन इंची, तीन तोंडांचा टी आणून दिला. दुसऱ्याने गॅस्केट आणलं. मिलिंद शिडीवर चढून शोधत राहिला. हमीदचाचांनी मागे न बघता हात लांबवला आणि एल्बो काढून अरबाबाच्या तळहातावर ठेवला. हे सगळं आम्हाला बाबांकडून कळलं. अरबाबाने एकच शब्द उच्चारला म्हणे. खलास.

हमीदचाचांचा व्हिसा त्याच आठवड्यात नवा झाला. चाचींनी सुटकेसी परत कपाटावर चढवल्या. नसरीनने गणिताचं पुस्तक मागून घेतलं. चारही बॅट्समनचे व्हिसा रद्द झाले. परबसाहेब नुसतेच परचेस मॅनेजर उरले. टीम संपली. मॅट कुणीतरी कापली आणि तिचे तुकडे लेबर कॅम्पच्या खोल्यांच्या दारात पाय पुसायला टाकले.

मिलिंद जायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे निरोप घ्यायला आला. मी चहा दिला. तो म्हणाला, "काकू, कुणीतरी पत्र लिहिलं होतं म्हणे. परबसाहेबांवर राग होता. आम्ही मधे सापडलो."

आईने त्याला वाटेसाठी चिवडा बांधून दिला. तो वाकून नमस्कार करून गेला. दार लावल्यावर आई दाराकडेच तोंड करून उभी होती.

"आणलंच कशाला त्या पोराला?" ती म्हणाली. "हा परब म्हणजे ना!"

आई असेपर्यंत आमच्या घरात या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. दोष परबसाहेबांचा, आणि विषय संपला. मीही तेच धरून चालत आले. परबसाहेबांना शिव्या द्यायला मला अजूनही पाच मिनिटं पुरत नाहीत, आणि त्यातली एकही शिवी खोटी नाही. चारही बॅट्समन! सांगा मला, कोण करतं असं?

दलाल खाली फोनवर बोलत होता. नसरीन वरच्या मजल्याच्या खिडकीशी उभी होती. लांब सखीरच्या सर्किटवर गाड्या सराव करत असाव्यात; माशी काचेत अडकल्यासारखा आवाज येत होता.

"ज्याने कोणी ते पत्र लिहिलं ना," नसरीन म्हणाली, "त्याचं अल्ला भलं करो. नाहीतर मी आज कुठे असते."

हे वाक्य ती चाळीस वर्षं म्हणते आहे. दर रमजानला, परीक्षेच्या निकालांना, माझ्या लग्नात, तिच्या लग्नात. प्रत्येक वेळी मी दुसरा विषय काढते. या वेळी मला माझाच वैताग आला.

"आईने लिहिलं," मी म्हटलं. "म्हणजे मी लिहिलं. इंग्रजी माझं, राग आईचा."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय याची मी वाट बघितली.

"आणि इतकी वर्षं माझ्याकडून दुआ घेत बसलीस?"

"घेत नव्हते. ऐकत होते."

"वर मी परबला शिव्या घालत असताना तूही घालत होतीस!"

"त्या लागूच आहेत. ते वेगळं."

"वेगळं कसं?" तिने पर्समधून फोन काढला. "थांब, अब्बांना लावते."

"आत्ता? अगं, कशाला?"

तिने लावलासुद्धा. हमीदचाचा आता रत्नागिरीला असतात, ऐंशीच्या घरात आहेत. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग पंखा, मग अर्धं कपाळ. नसरीनने फोन खिडकीकडे धरून त्यांना पाइपलाइन दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"वळण हाय तसंच हाय की गो," ते म्हणाले.

मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि बाजूला झाली. मी सांगितलं. लांबड लावली नाही. पत्र आम्ही लिहिलं होतं चाचा, आई आणि मी, तुमच्यासाठी लिहिलं होतं, आणि त्यात त्या चार पोरांची नावं होती.

"मला म्हाईत होतं बाय."

"कसं?"

"अरबाबाने पत्र माझ्या समोर धरलं होतं. म्हणाला, हे तुझं काम काय? मी वाचलं. माझ्या विकेट्स लिहिल्या होत्या त्यात. सुटलेले कॅचपण धरले होते. ते सुटलेले कॅच माझ्या नावावर धरणारी माणूस सगळ्या बहारीनात एकच होती." ते हसले, खोकले. "लई गुस्सा होती तुझी आई त्या फिल्डरांवर."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझी पोर शाळेत राहिली. दुसऱ्याची पोरं बॅगा भरत होती. मी त्यांना एअरपोर्टला सोडायला गेलो. ती पिकअप मीच चालवली." मग म्हणाले, "नंतर दुसऱ्या कंपनीने बोलावलं मला, खेळायला. गेलो नाही. हात वर जाईना."

नसरीन पलीकडच्या खोलीत कपाटांची दारं उघडून बंद करत होती.

"मिलिंद ईदला फोन करतो," हमीदचाचा म्हणाले. "दर ईदला. पिठाची गिरणी हाय त्याची, मिरजेत. नंबर देऊ?"

"तो काय म्हणतो? पत्राचं?"

"परबांना शिव्या देतो. दुसरं काय देणार? त्याला परबच माहीत."

मी पर्समधून पेन काढलं आणि व्हिलाच्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे नंबर लिहून घेतला. ते एकेक आकडा म्हणत गेले, मी एकेक परत म्हणून दाखवला. एक चुकला होता, त्यांनी तो दुरुस्त केला.

खाली येऊन दलालाला सांगितलं की दोन दिवसांत कळवतो. गाडीत बसल्यावर नसरीनने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"काय सांगणार आहेस त्याला?"

"आधी नाव. मग पत्र."

"आणि तो परबांवर घसरला तर?"

"तर त्याला थांबवेन," मी म्हटलं. "परबांनी त्याला आणला. घालवला आपण."

"आपण?" नसरीन म्हणाली. मग तिने पुढे बघितलं, आणि म्हणाली, "बरं, आपण. स्पीकरवर लाव."

मी नंबर फिरवला.